अर्धा तास बोलायचं नाही

आमची अक्का, नागलक्ष्मी, कुंभकोणमच्या एका सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर आहे. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि अक्का दोन्हीकडे सारखीच बडबडी. खुर्चीतल्या माणसाला आ करायला लावून ती एकटीच बोलत सुटते. त्या बिचाऱ्याला उत्तर देता येत नाही, याचं भान तिला नसतं.

दवाखान्यात तिच्याकडे आणखी एक काम आहे. कारखान्यात सापडलेल्या मुलांकडे जन्माचा दाखला नसला की सरकारी पथक त्यांना वय ठरवायला तिच्याकडे आणतं. चौदाच्या आतलं ठरलं तर मूल सुटतं, शाळेत जातं, मालकावर खटला होतो. वरचं ठरलं तर बहुधा परत कामावर.

एकदा समयांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यातली एक मुलगी आली. मालक म्हणत होता, पंधराची आहे. अक्कानं तिच्या तोंडात बॅटरी मारली आणि हसत मालकालाच जवळ बोलावलं. हा बघा दुधाचा दात, अजून पडलेला नाही, पंधरा कुठली, असं त्याला सुनावलं. मुलगी सुटली. पुढे आठवडाभर अक्का ही गोष्ट सांगत होती आणि मीही कौतुकानं ऐकत होतो.

वर्षभरानं त्याच कारखान्यातून सुंदरी आली. अंगानं किरकोळ, हात पितळेच्या भुकटीनं काळे, गाल सुजलेला. एका दाढेच्या जागी ताजी जखम होती, तिच्यातून रक्त येत होतं. किडली होती म्हणून काढली, असं मालक म्हणाला. बाकीचे दात पक्के होते. एक्स-रेचं यंत्र त्या दिवशी बंद होतं. अक्कानं जखमेवर कापसाचा बोळा ठेवला आणि मायेनं सांगितलं, घट्ट चावून धर, अर्धा तास बोलायचं नाही. तेवढ्यात पथकातल्या बाईंनी तिचं वय विचारलं. सुंदरी अक्काकडे बघत गप्प बसली. मालकानं पंधरा सांगितलं. अक्कानं 'चौदा पूर्ण' लिहून सही केली.

दोन महिन्यांनी इन्नंबूरच्या एका शाळेच्या रजिस्टरात तिचं नाव सापडलं. वय बारा. पथक पुन्हा गेलं तेव्हा सुंदरी कारखान्यात नव्हती आणि कुठे पाठवली ते कुणी सांगेना. तिथल्या एका कामगार बाईनं मात्र एक गोष्ट सांगितली. तपासणीची कुणकुण लागताच मालकानं आदल्या दिवशी सगळ्या पोरींची तोंडं उघडून पाहिली होती आणि सुंदरीचा दुधाचा दात चिमट्यानं उपटला होता. ही अक्कल त्याला कुणी शिकवली, ते आम्हा दोघांना लगेच कळलं.

त्या माणसाचा मला संताप आलाच, पण खोटं कशाला बोलू, अक्काचाही आला. यंत्र दुरुस्त होईपर्यंत थांबायचं होतंस, असं मी तिला तोडून बोललो. तिनं ते मान्य केलं.

"ती माझ्याकडेंच बघत होती रे," ती म्हणाली. "कांही सांगायचें होतें तिला. मींच बोलूं नको म्हटलें."

आता अक्का तपासताना बाकी सगळ्यांना बाहेर घालवते. तोंडाला हात लावण्याआधी मुलाला नाव विचारते, वय विचारते आणि उत्तर येईपर्यंत गप्प थांबते. सुंदरी अजून सापडलेली नाही.