ताईचा नवा संगणक

ताई एकेक शब्द लिहून थांबत होती आणि तो जपून ठेवला गेला आहे की नाही, हे पाहूनच पुढचा लिहीत होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ती अहिराणी शब्दांचा कोश करते आहे. त्यासाठी मी सुटे भाग आणून तिला नवा संगणक जोडून दिला होता. आठवड्याभरात चार वेळा पडदा निळा पडून तो बंद झाला. "तू एकदम फार फायली उघडतेस," असं मी तिला दोनदा सुनावलं. मग विजेला दोष दिला, मग प्रोग्रॅमला.

शेवटी मेमरीची चाचणी लावली. पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. मेमरीच्या दोन पट्ट्या एकेक करून तपासल्या, तेव्हा एकीत बिघाड निघाला. तिच्यातली थोडीशीच जागा खराब होती. काम तिथवर पोचलं की सगळं कोसळायचं.

आपल्या हातांनी जोडलेल्या वस्तूवर संशय सगळ्यात शेवटी जातो. त्याआधी तो समोरच्या माणसावर जाऊन आलेला असतो.

"ताई, पट्टी खराब होती. तुझं काही चुकत नव्हतं," मी म्हणालो.

तिने चष्मा काढून पुसला. "मला वाटलं, वयामुळे मलाच जमत नाही आता. परवा कोश सोडून द्यायचं ठरवलं होतं."

उरलेल्या एका पट्टीवर संगणक सुरू झाला, जरा संथ. मी माफीसाठी शब्द जुळवत होतो, तोवर ताईने 'घ' अक्षर सुरू केलं होतं.