सगळे आवाज सारखे

पहिली प्रत बेकरीवाल्याने ठेवली. टेबलाच्या मधोमध ठेवली, बटणमामांकडे बघितलं आणि म्हणाला, "यात मला भोंगा सापडला नाही." मग वळला आणि जागेवर जाऊन बसला. हॉलमध्ये कुणी टाळी वाजवली नाही की शिट्टी मारली नाही. मामांना घाम फुटला तो त्या शांततेने. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी पचवल्या असत्या.

ही रीत काय आहे, हे मामांइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. बँड जोरात होता तेव्हापासून या चाहत्यांचं असंच. कार्यक्रम फसला तर आरडाओरडा नाही, बाटल्या फेकणं नाही. एकेकाने पुढे यायचं, आपलं तिकीट स्टेजच्या कडेला ठेवायचं, एका वाक्यात कारण सांगायचं आणि मागे फिरायचं. दुसऱ्या बँडांचे चाहते खुर्च्या मोडायचे, त्यांना पोलीस आवरायचे. हे सभ्य, त्यामुळे यांना आवरायची काही सोयच नव्हती.

आज तिकिटांच्या जागी मामांनी बँडवर लिहिलेल्या पुस्तकाच्या प्रती होत्या. आणि स्टेजवर बँड नव्हता, एकटे बटणमामा होते, इस्त्रीचा शर्ट घालून, पाण्याचा ग्लास पुढ्यात घेऊन. रविवारची दुपार, भाड्याचा हॉल, वर कुरकुरणारे पंखे. पहिल्या रांगेत बायको बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, भोंग्याची मुलगी.

भोंगा म्हणजे बँडचा गायक. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीच्या मांडीवरही पुस्तकाची एक प्रत होती, मधल्या कुठल्यातरी पानात बोट घालून धरलेली. मामांना बाकीच्या हॉलचं काही वाटत नव्हतं असं नाही, चांगलंच वाटत होतं. पण जीव टांगणीला लागला होता तो त्या एका प्रतीवर. पुस्तक लिहिलं होतं ते तिच्यासाठी. बाकीच्यांनी फेकलं तरी चालेल, तिने उठून टेबलापर्यंत येऊ नये, एवढंच ते मनात घोकत होते.

बटणमामा मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की मामांनी उठून बाहेर उभं राहायचं. तिथे एकदा भोंगा फाटका स्पीकर घेऊन आला. मामांनी तो दुरुस्त केला आणि भोंग्याच्या हातात द्यायचा भरवसा वाटेना म्हणून स्वतः पोचवायला गेले. ते गेले ते परत आलेच नाहीत, असं त्यांची बायको सांगते. जेवायला आणि झोपायला घरी यायचे, ते ती धरत नाही.

तेव्हापासून बँडचा सगळा आवाज मामांच्या बोटांखाली. लोकांचे डोळे स्टेजवर आणि मामा पार मागे, बटणांच्या फळीपुढे. नाव पडलं ते त्यावरूनच. गिटारवाला, ज्याला सगळे दाढी म्हणत, तो जरा आढ्यताखोर, गाणं रंगात आलं की हळूच आपला आवाज वाढवून घ्यायचा. मामा तितक्याच हळूच तो खाली आणायचे. ड्रमवाला ठोक्या बायकोशी भांडून आला की जीव खाऊन बडवायचा. मामा त्यालाही जागेवर बसवायचे. कुणाचा आवाज कुणाच्या डोक्यावर बसता कामा नये, हा त्यांचा धर्म. आणि ऐकणाऱ्याला साऊंडवाल्याची आठवण झाली, तर तो साऊंडवाला नापास. हा माणूस अख्खी हयात पास होत आला, म्हणून तर त्याचं नाव कुठे छापून आलं नाही.

मशीनवर हे बावनकशी काम होतं. कागदावर त्याचं मातेरं झालं.

भोंगा गेला तेव्हा मुलगी नुकती बोलायला लागली होती. पाठोपाठ बँड फुटला. दाढी आणि ठोक्या एकमेकांचं तोंड बघेनात. वहिनी, म्हणजे भोंग्याची बायको, नवऱ्याचा विषय निघाला की उठून आतल्या खोलीत जायची. पोर मोठी झाली ती परक्यांच्या तोंडून बापाचं कौतुक ऐकत. रस्त्यात कुणीही अडवावं आणि डोळ्यांत पाणी आणून सांगावं, तुझे वडील देव होते. आता देव घेऊन पोरीने काय करायचं? तिला बाप पाहिजे होता, आणि तो कुणी देत नव्हतं. शेवटी वहिनीनेच मामांना बोलावून घेतलं. "भाऊजी, माझ्याच्याने बोलवत नाही," ती म्हणाली. "तुम्ही लिहून काढा. ती वाचेल."

मामांनी लिहिलं. दुकान बंद ठेवून लिहिलं. फळीपुढे बसायचे तसेच कागदापुढे बसले आणि कुणावर अन्याय होऊ नये म्हणून सगळ्यांना सारखी पानं दिली, सारख्या आकाराचे फोटो दिले, सारखं कौतुक दिलं. कुणाचं काही जास्त झालं असं वाटलं की खाली आणलं. कुणी रडलं असेल तर "भावुक झाले" असं केलं, कुणी शिवी दिली असेल तर "नाराजी व्यक्त केली" असं केलं. छापणारा त्यांचा जुना गिऱ्हाईक, त्याने छापण्यापूर्वी वाचलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. बायकोने मात्र वाचलं. चांगलं आहे, म्हणाली. मग चष्मा पुसत, मधे मधे डोळा लागतो, असंही म्हणाली. मामांना वाटलं, बिचारी दमली असेल.

टेबलावरचा ढीग वाढत होता. बस चालवणारा एक जण आला, आपली प्रत ठेवून म्हणाला, "ठोक्याने झांज फेकून दाढीचं कपाळ फोडलं, ते मी पहिल्या रांगेतून बघितलं. तुम्ही लिहिलंय, किरकोळ मतभेद." एका बाईंनी प्रत ठेवली आणि कारण सांगायला तोंड उघडलं, पण सांगवेना, तशाच गेल्या. एकाने सांगितलं की त्याने लग्नाच्या आधी बायकोला या बँडच्या गाण्यांवर पटवलं होतं, आणि हे पुस्तक वाचून आता तीच विचारते की त्यात एवढं काय होतं. एरवी या बोलण्यावर हॉल हसला असता. आज कुणी हसलं नाही.

मामा प्रत्येक वेळी मान हलवत होते. दर वेळी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला की त्यांची नजर तिसऱ्या रांगेकडे जायची, दुसरंच कुणीतरी उठलेलं असायचं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मग दवाखान्यात काम करणारी नर्स आली. तिने प्रत ठेवली नाही. उघडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "गायकांचे दीर्घ आजाराने निधन झाले. त्याच महिन्यात व्हॅनचा क्लच बदलण्यात आला." पुढे काही येतं का हे बघायला तिने पान उलटलं. पुढे नवीन स्पीकरांची माहिती होती. "मी रोज मरणं बघते, मामा," ती म्हणाली. "क्लचच्या शेजारी ठेवलेलं मरण आजच बघितलं."

मामांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की मुलीचं बोट त्याच पानात आहे.

ते उठले. माईकपाशी गेले. आयुष्यभर माईक लावले, पण स्वतः कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते, त्यामुळे किती लांब उभं राहायचं हे जगाला सांगणारा माणूस नको तितका जवळ गेला आणि माईक किंचाळला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मला सगळ्यांना न्याय द्यायचा होता, असं काहीतरी मामा म्हणाले.

बेकरीवाला जागेवरूनच उभा राहिला. हा चाहत्यांचा पुढारी. त्याच्या दंडावर भोंग्याचा चेहरा गोंदलेला होता, आणि बेकरीचा माल चाखून चाखून दंडाबरोबर भोंगाही गुबगुबीत झाला होता. पण माणूस मनापासून बोलत होता. न्याय कोर्टात मिळतो, तो म्हणाला, आम्ही इथे माणूस शोधायला आलो होतो. मग त्याने ठरलेलं सांगून टाकलं. दुकानांतल्या उरलेल्या प्रती मामांनी मागे घ्याव्यात. चाहते मिळून नवं पुस्तक लिहवून घेतील, एका नाव असलेल्या पत्रकाराकडून, ज्याला भोंग्याची किंमत कळते. "असं पुस्तक काढू की वाचणारा हात जोडेल," तो म्हणाला.

हॉलमध्ये पहिल्यांदा टाळ्या पडल्या.  मामांना ते पुस्तक दिसलंच, जाडजूड, चकचकीत, पानापानांवर उजेडात उभा असलेला भोंगा. पोरीच्या हातात पुन्हा देवच पडणार होता, आणि या वेळी तो मामांच्या नालायकपणामुळे पडणार होता.

टाळ्या थांबल्या तेव्हा खुर्ची सरकली आणि या वेळी तीच उठली.

ती सावकाश आली.  मामांनी नजर टेबलावर रोखली. पुस्तक धरलेला तिचा हात त्यांना ढिगाच्या वर आलेला दिसला, आणि तो तिथेच थांबला.

"काका," ती म्हणाली, "बाबा गेले तेव्हा तुम्ही तिथे होतात ना?"

"होतो."

"मग या पानावर तसं का वाटत नाही?"

मामांनी माईककडे पाठ केली आणि तिच्याकडे वळले. मागून बेकरीवाला ओरडला, माईकवर बोला, ऐकू येत नाही. मामांनी त्याचं ऐकलं नाही.  ते म्हणाले, "तुझा बाप घाबरट होता."

हॉल उसळला. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी मामांना म्हातारचळ लागलाय म्हणालं. बेकरीवाला रांगेतून वाट काढत पुढे यायला लागला, त्याचा चेहरा लालभडक झाला होता. मामांची बायको पर्स सोडून उभी राहिली.

"बसा," मुलगी म्हणाली. तिने मागे वळूनही बघितलं नाही. "बोलू द्या त्यांना." आणि भोंग्याच्या मुलीने सांगितलं म्हणून माणसं होती तिथे बसली.

मामा बोलायला लागले. पुढच्या रांगांना ऐकू जात होतं, मागचे माना पुढे काढत होते. भोंग्याला प्रत्येक कार्यक्रमाआधी उलटी व्हायची, स्टेजमागे त्याची एक वेगळी बादली असायची. मामांची मागे बटणांकडे जायची वेळ होईपर्यंत तो त्यांचं मनगट धरून उभा राहायचा, इतकं घट्ट की वळ उठायचे. पहिलं गाणं हटकून बेसूर व्हायचं, आणि मामा ते दाढीच्या गिटारीखाली लपवायचे. दाढीचा तो मत्सर करायचा, आणि मग त्याच्याच गळ्यात पडून रडायचा. कुणी त्याला देव म्हटलं की घरी येऊन वहिनीवर चिडचिड करायचा. "तुला आंघोळ घालताना गायचा," मामा म्हणाले. "तिथे मात्र तो एकदाही बेसूर झाला नाही."

मुलीने पुस्तक छातीशी धरलं होतं.

"रोग घशातच झाला. आवाज आधी गेला, मग बाकीचा गेला. त्या दिवशी सकाळी वहिनी तुला आणायला घरी गेली होती. मी एकटाच होतो."  ग्लासातलं पाणी प्यायचं मामांना सुचलं नाही. "कार्यक्रमाआधी आवाज तपासताना तो रोज स्टेजवरून मला विचारायचा, बटण, मागपर्यंत पोचतंय का? मी तिकडून हात वर करायचो. त्या दिवशी त्याचे ओठ हलले. आवाज काहीच नव्हता, पण मला कळलं तो काय विचारतोय. मी हात वर केला. मग तो गायला. नुसते ओठ. सगळी गाणी मला पाठ आहेत, पोरी, पण ते कुठलं होतं ते मला ओळखता आलं नाही. संपायच्या आधीच तो गेला." त्यांचा आवाज फाटला, आणि तो दुरुस्त करायला तिथे कुणी नव्हतं. "हे कसं लिहायचं असतं ते मला कळेना. क्लचचं कळत होतं. ते लिहिलं."

बेकरीवाल्याने बाहीने डोळे पुसले आणि आपण पुसले नाहीत असं दाखवायला छताकडे बघितलं. नर्सच्या हातातली प्रत तशीच राहिली, ती ठेवायची तिला आठवण राहिली नाही.

मुलीने मात्र आपली प्रत ठेवली. ढिगाच्या वर, नीट. मामांनी डोळे मिटून घेतले.

"ही मी परत करतेय, काका," ती म्हणाली. "दुसरं लिहा. आत्ता सांगितलंत तसं." मग तिने शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर बसली. तिचा चेहरा ओला होता, पण तिला ते पुसायची घाई नव्हती. "आंघोळीच्या वेळी काय म्हणायचे?"

ते बँडचं कुठलंच गाणं नव्हतं. हॉलमधल्या एकाही माणसाला ते माहीत नव्हतं, आणि ही सगळी माणसं त्या बँडची गाणी झोपेतही म्हणू शकली असती. साबणाचं आणि एका लबाड बेडकाचं काहीतरी होतं, यमक न जुळणारं, भोंग्याने पोरीसाठी बसल्या बसल्या रचलेलं. मामा ते तिच्या कानाशी वाकून म्हणायला लागले, मुळात गाता येत नसलेल्या आपल्या आवाजात. दुसऱ्या रांगेपलीकडे काही पोचत नव्हतं. पण या वेळी मोठ्याने म्हणा असं कुणी म्हटलं नाही.