कंट्रोलरच्या आवाजातलं माझं वाक्य

कंट्रोलर गेले त्याला दोन वर्षं होत आली. त्यांच्या वर्षश्राद्धाला गल्लीतल्या मंडळींनी एक छोटी स्मरणिका काढायचं ठरवलं आणि ते माझ्याकडे आले. 'गुरुजी, तुमीच लिहा. तुमच्याइतकं जवळचं कोण होतं त्यांना?' मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. मोतीबिंदू तोवर काढून झाला होता. त्याआधीही त्यांचा विषय निघाला की मी चहा मागवायचो, पेपर उघडायचो, नातवाला उगाच हाक मारायचो. टाळणं मला चांगलं जमतं. पण गंगाखेडात लोक अजून म्हणतात की कंट्रोलरने टीव्हीसाठी पोटच्या पोरीचं हसं केलं. ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेला इथे मी एकटाच उरलो आहे.

त्यांचा आवाज साऱ्या तालुक्याला पाठ होता. चेहरा मात्र फार थोड्यांनी नीट पाहिला असेल. नोकरीची बहुतेक वर्षं ते एसटीचे कंट्रोलर म्हणून स्टँडवरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून गाड्या पुकारत. भरदार, संथ आवाज. घाईतला माणूसही तो ऐकून क्षणभर थांबायचा. निवृत्तीनंतर भाजी घ्यायला गेले आणि 'मेथी कशी दिली' म्हणाले, की आजूबाजूच्या बायका फलाटाकडे बघितल्यासारख्या वळून बघत. त्यांना त्याचा संकोच वाटे. मग ते बोटानेच मेथी दाखवत.

त्यांची एक सवय होती. हातात आलेली चिठ्ठी आहे तशी वाचायची, पुढचं-मागचं विचारायचं नाही. मी एकदा म्हटलं, 'अहो, गाडी रद्द झालेली तुम्हाला ठाऊक असते, तरी कागद येईपर्यंत गप्प बसता?' ते म्हणाले, 'गुरुजी, आपण आपल्या मनानं बोलायलो तर लोकाइचा भरवसा उडतो. कागदावर हाय ते म्हणायचं. लिवणाऱ्याची जबाबदारी लिवणाऱ्याला.' मी तेव्हा हसलो होतो.

माझ्या बहिणीचा मुलगा पुण्यात कार्टून बनवतो. लहान मुलांची नव्हे, मोठ्यांची. त्यात शिव्या असतात, दारू असते, नवरा-बायकोची भांडणं असतात, आणि सुरुवातीला मुलांना दाखवू नका अशी पाटी येते. देवगाव फाट्यासारख्या एका फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबाची त्याची मालिका एका वाहिनीने घेतली. भाषा इकडची हवी होती. म्हणून लिहायला त्याने मला धरलं, आणि घरातला म्हातारा, तात्या, याच्या आवाजासाठी मी कंट्रोलरना. जाळीमागचा तो आवाज मरू नये असं मला मनापासून वाटत होतं. हेही खरं आहे, आणि ते मी मुद्दाम लिहितो आहे.

त्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच घडलं. कार्टूनमध्ये आधी आवाज घेतात, चित्रं मागून काढतात. प्रत्येकाला वेगळं बोलावतात. एका माणसाची वाक्यं सलग नसतात. पाचव्या प्रसंगातलं आधी, पहिल्यातलं नंतर. समोर बोलणारा कुणी नसतो. आमचा स्टुडिओ म्हणजे बाजाराच्या मागची एक खोली. भिंतींना गाद्या बांधलेल्या, पंखा बंद. हंगामात उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याने गेले की काम थांबायचं. घामाने निथळत कंट्रोलर म्हणायचे, 'जाऊ द्या साखर पुढं. मंग आपुन बोलू.' मी सुटं वाक्य हातात द्यायचो, प्रसंग तोंडी सांगायचो, ते म्हणायचे. पहिला भाग तयार होऊन आला तेव्हा ते पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसले. 'माझ्या बोलण्यावर ह्याचं तोंड हलायलंय की हो,' म्हणाले, आणि बराच वेळ आपल्या हनुवटीवरून हात फिरवत राहिले.

त्यांच्या घरी ते आणि मुलगी वर्षा, दोघंच. बायको आधीच गेलेली. वर्षाला चुडाव्याला दिली होती. लग्नानंतर दोन वर्षांतच ती माहेरी आली ती राहिलीच. भांडण सासूचं की नवऱ्याचं, मी कधी विचारलं नाही. दर दिवाळीत आणि अक्षय्य तृतीयेला कंट्रोलर तिला नांदायला परत घ्या हे मागणं घेऊन चुडाव्याला जात. वर्षा फराळ करून द्यायची. जुन्या नऊवारीतून तिने एक पिशवी शिवली होती, हिरव्या काठाची, त्यात डबा ठेवायची. संध्याकाळी ते परत आले की सांगत, 'कुलूप होतं.' कधी, 'शेताकडं गेल्ते म्हने सगळे.' वर्षा म्हणायची, 'असू द्या बाबा, पुढच्या टायमाला.' त्या पुढच्या खेपेच्या भरवशावर तिने नांदेडची नोकरी नाकारली आणि एका चांगल्या घरची दुसरी सोयरीकही. नवऱ्याने अजून नाही म्हटलेलं नाही, असंच ती धरून होती.

एकदा गोदावरीच्या घाटावर फिरताना कंट्रोलर मला म्हणाले, 'गुरुजी, मी त्या घरापोतर एकदाच गेलो.' पहिल्या खेपेला व्याह्याने त्यांना चार माणसांत ऐकवलं होतं की गाड्यांची नावं घेण्यात जन्म गेला, पोरीला वळण काय लावणार. त्यानंतर ते चुडाव्याच्या स्टेशनवर उतरत, बाकावर बसत, आणि परतीची गाडी आली की चढत. फराळ स्टेशनवर बसणाऱ्या एका म्हातारीला देऊन टाकत. मी विचारलं, 'मग वर्षाला खरं का सांगत नाही?' ते म्हणाले, 'आत गेलो आन् त्येंनी तोंडावर न्हाई म्हणलं तर? कुलूप उघडतंय कधी तरी, गुरुजी. न्हाई म्हणलं की संपलं.' थोडं चालून गेल्यावर म्हणाले, 'तुमच्यापाशीच बोललो हे. पोरीला कळलं तर ती मला बाप म्हणायची न्हाई.'

त्याच महिन्यात भाचा माझ्या मागे लागला होता. आधीचे दोन भाग चालले नव्हते. 'मामा, काही तरी खरं द्या. हसता हसता माणूस गप्प झाला पाहिजे.' मी एका बैठकीत लिहिलं. तात्या मुलीची बाजू मांडायला तिच्या सासरी निघतो, स्टेशनच्या बाकावर बसून व्याह्याशी काय बोलायचं त्याची एका कुत्र्यासमोर तालीम करतो, लाडू कुत्र्याला घालतो आणि घरी येऊन खोटं सांगतो. म्हातारीचं मी कुत्रं केलं. ते मला फार छान सुचलं असं तेव्हा वाटलं होतं. चित्रकारांना पिशवी कशी काढायची विचारल्यावर मी काठाचा रंगसुद्धा कळवला. खरेपणा यावा म्हणून.

कंट्रोलरना कळलं असतं तर त्यांनी ती वाक्यं म्हटली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून मी ती चार भागांच्या वाक्यांत मिसळली. कुत्र्यासमोरची तालीम त्यांना हॉटेलच्या गिऱ्हाइकाला मस्का मारण्याची म्हणून सांगितली. शेवटी 'कुलूप होतं' चा कागद दिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, 'तात्या शेजाऱ्याची शिडी मागायला जाणार होता. गेलाच नाही, आणि बायकोला सांगतोय.' त्यांनी मान हलवली आणि म्हटलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, 'काका, जरा खोटं बोलल्यासारखं येऊ द्या.' कंट्रोलर म्हणाले, 'खोटं बोलताना माणूस लय सरळ बोलतो, बाबा.' आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, साधं, थकलेलं, कसलाही चढउतार न करता. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी म्हटलं, 'छान. हेच ठेवा.'

तो भाग रात्री वाहिनीवर लागून गेला. आमची गल्ली प्रत्येक भाग दुसऱ्या दिवशी दुपारी कंट्रोलरांच्या घरी मोबाइल टीव्हीला जोडून बघायची. वर्षा चिवडा करायची. मी पोट बिघडल्याचा निरोप पाठवणार होतो, पण गेलो नाही तर संशय येईल म्हणून गेलो. लोक कुत्र्यावर खूप हसले. कंट्रोलरही सुरुवातीला हसले. मग पडद्यावर हिरव्या काठाची पिशवी आली आणि ते हसायचे थांबले. वर्षा दारात ताट घेऊन उभी होती. तात्या घरी आला, पिशवी खुंटीला अडकवली, आणि तिच्या बापाच्या आवाजात म्हणाला, 'कुलूप होतं.' त्याखाली भाच्याने हशा भरला होता.

वर्षाने ताट खाली ठेवलं. 'बाबा,' ती म्हणाली, 'किती येळा?' शेजारच्या काकू अजून हसतच होत्या. कंट्रोलरनी तिच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघितलं. ती आत गेली आणि दार ओढून घेतलं.

खरं तिला कळायलाच हवं होतं, असं मी पुढे अनेक दिवस स्वतःला सांगत होतो. कळायला हवं होतंच. पण ते तिच्या बापाने तिला चुलीपाशी बसून सांगायचं होतं. सगळ्या गल्लीने चिवडा खात ऐकायचं नव्हतं. महिनाभरात ती नांदेडला मुलींच्या वसतिगृहात कामाला लागली. फोन केला तर उचलत नसे. तेवढा तुकडा कुणी तरी कापून फिरवला आणि 'कुलूप होतं' गावाला मिळालं. बँकेत साहेब नसले की कारकून म्हणायचे, कुलूप होतं. कंट्रोलर रस्त्याने निघाले की पानटपरीवरची टवाळ पोरं त्यांच्याच आवाजात म्हणायची. भाच्याचा फोन आला, हा भाग सगळ्यात जास्त चालला म्हणून. त्याने माझं अभिनंदन केलं.

माझं नाव शेवटी पडद्यावर येऊन जात असे, बारीक अक्षरांत, कुणी वाचायच्या आत. आवाज मात्र सगळ्यांनी ओळखला. म्हणून सगळं त्यांच्या माथी आलं. एकदा चहाच्या हॉटेलात त्यांच्या जुन्या डेपोतला एक ड्रायव्हर आला. 'कंट्रोलर, कामून केलं हो असं? घरातली गोष्ट पडद्यावर?' मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. ते म्हणाले, 'आवाज माझा हाय. दुसऱ्या कुणाला कामून विचारायलास?' ड्रायव्हर गेला. मी चहा संपवला. बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, 'गुरुजी, तुमी शिडी म्हणला होतात.' त्या प्रकरणावर ते माझ्याशी पुन्हा कधीच बोलले नाहीत. त्यांनी मला एका शब्दाने दुखावलं असतं तर बरं झालं असतं.

रेकॉर्डिंगला ते परत आले नाहीत. भाच्याने पुण्यातला एक नकलाकार बसवला. आवाज हुबेहूब जमला. कुणालाही फरक कळला नाही. मी पुढचे भाग लिहीत राहिलो.

पुढे काही वर्षांनी ते झोपेतच गेले. वर्षा आली, दिवसकार्य तिनेच केलं. तेराव्याला मला बोलायला उभं केलं तेव्हा मी त्यांच्या आवाजावर बोललो, वक्तशीरपणावर बोललो, लोकांचे डोळे पाणावले. मंडळी पांगल्यावर वर्षा चहा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. बापासारखीच ती हळू बोलते.

'काका, एक विचारू? ते बाबांनी माहीत असून म्हणलं होतं का? तुमी तिथं होतात म्हणून विचारायले.'

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला फक्त उत्तर हवं होतं. हातातला कप गरम होता, घरात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि इतकी वर्षं मनात जुळवलेलं सगळं जिभेवर होतं. मी म्हणालो, 'आता कशाला तो विषय, बाळा. गेला माणूस.' तिने मान हलवली. माझ्या हातातला अर्धा कप घेतला आणि आत गेली. तिला जे समजायचं ते ती समजली.

वर्षा, त्यांना माहीत नव्हतं. ते शिडीबद्दल बोलत होते. ते वाक्य मी लिहिलं, त्यांनी विश्वासाने सांगितलेलं मी वापरलं, आणि ते कशावर बोलताहेत हे त्यांना कळू नये अशी व्यवस्थाही मीच केली. मला माफ कर.