खारीनं नेलेले कंदील

ताईनं मनालीच्या सहलीतून आईसाठी दोन वस्तू आणल्या. एक शाल आन् एक बियाचं पाकीट. वरोऱ्यात शाल कोण घालते? म्हणून आईनं बी लावलं. त्या झाडाले बोराएवढं फळ येते आन् फळाभोवती कागदी आकाशकंदिलासारखं टरफल. पाकिटावर लालभडक. आमच्या आंगणात हिरवंगार.

पहिल्या वर्षी नुसते पानं. दुसऱ्या वर्षी मुळ्या जमिनीखालून मेथीच्या वाफ्यात घुसल्या, तं आईनं झाड उपटून कापलेल्या ड्रममध्ये कोंबलं. तवापासून ते ड्रममध्ये आन् मी त्याच्या ड्युटीवर.

मी गावात तसा फेमस. एसटीचा कंडक्टर, हेडमास्तर, शेजारची काकू, सगळ्यांचे आवाज काढतो. त्याच्यावरच वडशाच्या नाटक कंपनीनं मले विनोदी पार्टासाठी बोलावलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, तिथं रातभर नाटकं, त्याच्याआधी तालमी. मॅनेजर भाऊ म्हणे, कोजागिरीपर्यंत ये, नाई तं दुसरा पाहतो.

आई नाई म्हणली नाई. म्हणे, "ताई दिवाळीले येऊन राह्यली. कंदील लाल झाले का जाय. तवरोक पाणी कोण टाकन?"

बाबा जिवतीले नोकरीवर, शनिवारी येते. म्हणजे पाणी मीच. सकाळ-संध्याकाळ बादली, दुपारी आईच्या जुन्या साडीची सावली. मी झाडाले हेडमास्तरच्या आवाजात झापो, आई आतून हासे. फाटकापर्यंत जावो आन् परत येवो. एखादा कंदील सांजच्याले नारंगी दिसे, सकाळी पाहतो तं गायब. खार नेते, आई म्हणे. मी खारीले कंडक्टरच्या आवाजात खाली उतरवलं, तरी कंदील जातच होते.

कोजागिरीच्या सकाळी दुधात टाकाले चारोळी शोधून राह्यलो होतो. वरच्या फळीवर, मागं, बिस्किटाचा डब्बा दिसला. उघडला. आत पेपरावर सात कंदील, लाल, एकदम पाकिटावरच्यासारखे. देठं सरळ कापलेले.

खार कैची वापरत नाई.

आंगणातून आईनं विचारलं, "पाह्य बरं, झाला का एखादा लाल?"

मले डझनभर आवाज येते. आई ड्रमापाशी वाकून उभी होती, माह्याकडं न पाहता.

"नाई आई," मी माह्याच आवाजात म्हणलं. "हिरवेच आहे."

डब्बा होता तिथी ठेवला. खिशात मॅनेजर भाऊचा फोन वाजून राह्यला होता. मी बादली घेतली.