मास्तर येईपर्यंत कढई नाही

आम्ही गाव सोडलं तेव्हा आईच्या मांडीवर धाकटा भाऊ नव्हता, अनारशाच्या पिठाची बरणी होती. भाऊ माझ्या मांडीवर. नळदुर्गजवळच्या आपल्या गावातून बैलगाडी निघाली तो नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिलाच आठवडा. आईनं तांदूळ भिजवून, कुटून, गुळात मळून पीठ मुरायला ठेवलं होतं आणि नेमकं तेव्हाच रझाकारांच्या धास्तीनं बायका-पोरांना हद्दीपलीकडे सोलापूरला धाडायचं ठरलं. ज्वारीच्या मुलखात तांदूळ वर्षाकाठी एकदा घरात यायचा. तो मागं टाकून जाणं तिच्या जिवावर आलं.

बाबा मिशनच्या शाळेत मास्तर, रविवारी उपासनाही तेच घ्यायचे. ज्यांना गाव सोडता येईना, अशा पाच-सात घरांसाठी ते मागं राहिले. गाडीच्या कठड्यावर हात ठेवून वेशीपर्यंत चालत आले. अनारसे म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आईचा उतरलेला चेहरा बघून म्हणाले, "नाताळाला येतोच. म्या आल्याबिगर कढई चढवू नको बघ."

करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर निजामाच्या शिपायानं बरणी उघडायला लावली, बोटानं पीठ चाखलं आणि गाडी जाऊ दिली. जाताना "दुआ करो, अम्मा" म्हणाला. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले, ते आज इथं मानते.

सोलापुरात मावशीच्या चाळीत एका खोलीत आम्ही सातजण. पहाटे गिरणीचा भोंगा, नळावर रांग, शेजारणींची तेलुगू. आई विड्या वळायला शिकली. मी पोळी-भाजी म्हणायला शिकले. गावाकडं आम्ही भाकरी-कालवण म्हणायचो.

नाताळ आला, बाबा आले नाहीत. मावशीनं समजावलं, सणाचा दिवस आहे, पोरांच्या तोंडात काहीतरी गोड पडू दे. आईनं बरणीचं फडकं सोडलं, पीठ बघितलं आणि पुन्हा बांधून टाकलं.

"प्रभू आले, अक्का. मास्तर न्हाईत आले."

मला इतका राग आला होता! दोन घरं सोडून करंज्या तळल्याचा वास येत होता आणि आमच्या घरात भरली बरणी फळीवर.

पावसाळा सरता सरता निजामाचं राज्य गेलं. चाळीतले लोक बोचकी बांधून गावाकडं परतू लागले. आता बाबा येणार म्हणून आम्ही दारात बसायचो. आला तो एका गाववाल्याच्या तोंडी निरोप. आता मुसलमान शेजारी घाबरून गेलेत, त्यांची बायका-पोरं देवळात आणून ठेवलीत, त्यांचं नीट झाल्यावाचून निघता येत नाही. देऊळ म्हणजे आपलं, प्रार्थनेचं. आईनं निरोप पुन्हा एकदा सांगायला लावला. मग "बराबर हाय" म्हणाली आणि सूप पुढं ओढून विड्या वळायला बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माझ्या लग्नानंतर कळलं.

पुन्हा आगमनकाळ लागला. तिनं नवे तांदूळ भिजवले आणि बरणीतलं ते दगडासारखं झालेलं जुनं पीठ त्यातच मळलं. मावशीनं कपाळाला हात लावला.

शेवटच्या रविवारी दुपारी बाबा आले. मालट्रकमधून आलेले, अंगावर धूळ, गालफडं बसलेली. भावानं त्यांना ओळखलंच नाही. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि स्टोव्ह पेटवला. नाताळाला अजून अवकाश आहे, असं मावशी म्हणाली, तर आई म्हणाली, "आमचा सण आज हाय."

पहिला अनारसा तेलात पडला आणि हसला, म्हणजे विरघळून पार चुरा झाला. दुसराही तसाच. एकही धड निघाला नाही. आई झाऱ्यानं नुसता चुरा काढत राहिली. तेव्हा मावशीनं बाबांना वर्षभर कढई न चढल्याची गोष्ट सांगितली.

"अगं, म्या मस्करीनं म्हनलो हुतो."

"मला काय ठावं," आई म्हणाली आणि त्या वर्षात पहिल्यांदा रडली. आम्ही सगळ्यांनी परातीभोवती बसून तो चुरा चिमटीनं खाल्ला. इतकं गोड मी नंतर कधीच खाल्लं नाही.

बाबांना सोलापुरातच शाळा मिळाली आणि आम्ही इथलेच झालो. गावी राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटत असेल आम्ही विसरलो. आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हाला कुणी घर कुठं म्हणून विचारलं की तुम्हीही क्षणभर अडखळत असाल. मी आता अडखळत नाही. आमच्या घरी आजही जुन्या पिठाचा एक गोळा राखून नव्यात मळतात. सुना कुरकुरतात, पहिला घाणा हमखास फुटतो.

यंदा माझ्या धाकट्या मुलाचा परदेशातून फोन आला, रजेचं नक्की नाही, तुम्ही तळून घ्या. मी म्हटलं, आमच्याकडं तशी पद्धत नाही. कधी यायचं ते तू बघ. पीठ मुरतंय.