खाली आणि डावीकडे

सिद्धार्थ तांबे गिरगावात रायकरांच्या सराफी पेढीत पहिल्यांदा शिरला, तेव्हा काउंटरपाशी बसलेल्या एका बाईंनी कुणी न सांगता हातातल्या पाटल्या उतरवून समोर ठेवल्या. त्यांच्या जाऊबाईंनी मंगळसूत्र पदराआड नेलं. आतला जुना कारागीर हात वर करून उभा राहिला. हातात फुंकणी होती, तीही वर गेली. मालक मनमोहनशेठ रायकर तर तिजोरीची किल्ली गिळणार होते म्हणतात. किल्ली वीतभर लांब होती म्हणून वाचले. दारातला माणूस चौकटीत मावत नव्हता. मिशी आत घ्यायला त्याला मान तिरकी करावी लागली. डोळे असे लालभडक की फणसवाडीतली कुत्री त्याच्यावर भुंकायचं सोडून त्याच्या पुढे पळत पेढीत शिरली होती. आणि हा राक्षस खाकरून म्हणाला, "रखवालदार पायजे असा बोर्ड वाचला."

शेठनी तिथल्या तिथे नोकरी दिली. नाही म्हणायची छाती कोणाची होती?

डोळे लाल होते ते डोळे आले होते म्हणून. आठवड्याने ते निवळले आणि आत गाईचे डोळे निघाले. तोवर नेमणूक होऊन गेली होती. असा मऊ माणूस परळ-लालबागात शोधून सापडला नसता. दिवाळीत तो कानात कापूस घालून मोरीत बसायचा. दहीहंडीच्या दिवशी त्याचं पोट बिघडायचं. पेढीत गिऱ्हाइकाचं पोर रडलं तर हा दाराबाहेरून नाना प्रकारचे चेहरे करी, आणि त्या मिशीखालचे ते चेहरे बघून पोर आणखी मोठ्याने रडे.

पण त्याच्या कमरेला पिस्तूल होतं. बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं, त्याच्या पंजात साबणाच्या वडीएवढं दिसणारं. परवाना मनमोहनशेठच्या नावावर, आणि ते बाळगायला नेमलेला माणूस म्हणून त्यावर सिद्धार्थचं नाव. परळच्या त्यांच्या चाळीत तांबे पुष्कळ होते. एक बसवर होते, एक पालिकेत, एक नुसतेच होते. पण 'बंदूकवाले तांबे' म्हटलं की पोस्टमन सरळ सिद्धार्थच्या दाराशी यायचा. बायको, नम्रता, वरवर म्हणायची, कसली मेली बंदूक, जेवताना पण लक्ष तिकडे. पण हळदीला, बारशाला ती बायकांत बसली की बसायच्या जागेवरून कळायचं की ही बंदूकवाल्या तांब्यांची.

ते पिस्तूल वर्षानुवर्षं कुणावर उगारावं लागलं नाही. सिद्धार्थकडे बघूनच लोक सरळ चालत. मग विम्याच्या कंपनीने नवा नियम काढला: पेढीवरच्या बंदूकधारी माणसाने नेमबाजीच्या रेंजवर जाऊन परीक्षकासमोर पेढीच्याच पिस्तुलाने गोळ्या मारून दाखवायच्या. निम्म्या तरी कागदावरच्या काळ्या वर्तुळात गेल्या पाहिजेत. नाहीतर कंपनी त्याला रखवालदार मानणार नाही. शेठ हसत म्हणाले, "अरे, तुला काय कठीण? तू नुसता बघितलास तरी कागद फाटेल."

कागद फाटला, पण खाली आणि डावीकडे. सगळी भोकं पाणी यायच्या वेळी नळावर बायका जमाव्यात तशी एका कोपऱ्यात खेटून बसलेली. वरचं काळं वर्तुळ कोरं करकरीत.

रेंजवर शिकवणारे अभय सर माहीमचे, हडकुळे, बोलायला धारदार. त्यांनी कागद बघितला आणि निदान केलं. उजव्या हाताचा माणूस, गोळ्या खाली डावीकडे, म्हणजे पुस्तकातला रोग. गोळी सुटायच्या आधीच आवाजाच्या धास्तीने मनगट आवळतं आणि नळीचं तोंड खाली झुकतं. "तांबे," ते म्हणाले, "पिस्तूल ठीक आहे. तुम्ही बिचकता."

कापसाचे बोळे घालून मोरीत बसणाऱ्या माणसाला आणखी पुरावा कशाला? त्याला ते पटलंच. चारचौघांपासून इतकी वर्षं मिशीआड लपवलेली गोष्ट एका कागदाने चव्हाट्यावर आणली. परीक्षकाने परीक्षेला दसऱ्यानंतरची तारीख दिली आणि सिद्धार्थ मान खाली घालून घरी आला.

मग चाळीने त्याला बरा करायला घेतला. नम्रताने शेजारपाजारच्या कागदी पिशव्या गोळा केल्या. सिद्धार्थने लाटणं हातात धरून कॅलेंडरवर नेम धरायचा आणि हिने मागून पिशवी फोडायची. पहिल्या दिवशी लाटणं शेजारच्या खोलीत गेलं. शेजारचा मनू मालवणी. तो लाटणं परत द्यायला आला तो सल्ला घेऊनच. "भियाक औषध भियाच, मेल्या," असं म्हणून त्याने सिद्धार्थला लालबागला ढोलपथकाच्या सरावात नेऊन ढोल आणि ताशा यांच्या मधोमध उभा केला. पथकाला वाटलं, हा वर्गणी न देणाऱ्यांसाठी आणलेला माणूस आहे. सिद्धार्थ रोज संध्याकाळी तिथे घामाघूम होऊन उभा राहायचा. हळूहळू पापणी लवायची थांबली. एकदा मागे कुकरची शिट्टी झाली, पिशवी फुटली आणि वरच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही कोसळला, तिन्ही एकदम, तरी लाटणं हललं नाही. त्या दिवशी नम्रताने शिरा केला.

हा नवा सिद्धार्थ रेंजवर गेला. ताठ उभा राहिला. अभय सर बाजूला वाकून त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. पापणी लवली नाही, मनगट दगडासारखं. गोळ्या मात्र त्याच कोपऱ्यात, खाली आणि डावीकडे.

अभय सरांनी डोकं खाजवलं. मग स्वतःचं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. सिद्धार्थने मारलं, काळ्या वर्तुळात. पुन्हा मारलं, पुन्हा तिथेच. सरांनी शेठचं पिस्तूल उचललं आणि स्वतः चालवलं. सरांची गोळी खाली डावीकडे गेली.

सिद्धार्थला हसू आवरेना. तो बिचकत नव्हता. कदाचित कधीच बिचकला नव्हता, आणि नम्रताने चाळीतल्या सगळ्या पिशव्या फुकट फोडल्या होत्या.

सरांनी पिस्तूल उजेडाला धरलं. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी एक बारीक दाणा असतो. मागच्या खाचेतून बघायचं, तो दाणा खाचेच्या मधोमध आणायचा. हा दाणा जाड आणि गोलसर झाला होता. सरांनी नखाने टोकरलं, तर नख लाल झालं.

ते कुंकू होतं. दरवर्षी खंडेनवमीला पेढीत शस्त्रांची पूजा व्हायची. तराजू, चिमटे, हातोड्या, तिजोरी, अलीकडे बिलं करायचा कॉम्प्युटर, आणि पाटावर मधोमध पिस्तूल. सिद्धार्थ ते रिकामं करून शेठच्या हाती द्यायचा आणि दाराबाहेर उभा राहायचा. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी असे. धम्मचक्र प्रवर्तन दिन, पांढरे कपडे घालून नम्रताबरोबर विहारात. पूजा शेठच्या पत्नी सुमतीबाई करायच्या. तुपात कालवलेलं हळदकुंकू त्या उजव्या बाजूने बोट टेकवून पिस्तुलाच्या नाकावर लावायच्या. ते वाळायचं, पुढच्या वर्षी त्यावर दुसरं बसायचं. सिद्धार्थ नळी आतून नेमाने साफ करी, पण दारातली रांगोळी चुकवून चालावं तसा तो त्या टोकाभोवतून फडकं वळवून घेई.

सरांनी समजावून सांगितलं. दाणा वरून वाढला म्हणून गोळी खाली जाते, उजवीकडे वाढला म्हणून डावीकडे. त्यात पिस्तूल आखूड. नळी जेवढी लहान तेवढी एवढ्याशा कुंकवाची चूक मोठी. "पुसून टाका," ते म्हणाले, "दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम सिद्धार्थला जमणार नव्हतं. पेढीत लागल्या वर्षीच एकदा देवांच्या फळीवरची समई कलंडायला आली होती. त्याने धावत जाऊन ती सरळ केली. सुमतीबाईंनी त्याला चहाही दिला. संध्याकाळी मात्र देव खाली काढले होते आणि फळी धुतली जात होती. त्या दिवसापासून पेढीतल्या देवाधर्माच्या कुठल्याही वस्तूला त्याने बोट लावलं नव्हतं. रागाने नाही, भीतीनेही नाही. ट्रामचे रूळ निघाले तरी जुनी माणसं ती जागा ओलांडताना पाय उचलायची, तसं.

म्हणून तो शेठकडे गेला आणि सगळं सांगितलं. मनमोहनशेठ मनाने चांगला माणूस. पण घरात त्यांची सत्ता फक्त पंख्याच्या बटणावर चालायची, आणि तीही उन्हाळ्यात. ते कळवळून ऐकत होते. कुंकू पुसायचं म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. परवाना त्यांच्या नावावर. म्हणजे नवऱ्याच्या नावाच्या वस्तूवर बायकोने लावलेलं कुंकू, आणि ते पुसायचं! सुमतीला कळलं तर ती जेवण सोडेल, आणि न कळता पुसलं आणि उद्या आपल्याला काही झालं तर? शेठना नुकताच रक्तदाब निघाला होता. "तिला सांगतो मी सवडीने," ते म्हणाले. मग सराफी मेंदूतून तोडगा काढला, "तोवर तू असं कर ना, नेमच जरा वर आणि उजवीकडे धर. हिशेब जुळला की झालं."

आणि तो जुळलाही. अभय सरांनी कपाळाला हात लावला, पण शिकवलं. वर्तुळाच्या उजव्या खांद्याच्या वर हवेत एक जागा पक्की करायची, तिथे मारायचं. गोळ्या शहाण्या पोरांसारख्या काळ्या वर्तुळात जाऊ लागल्या. सिद्धार्थच्या मिशीला पुन्हा पीळ आला. मनूने ढोलपथकात जाहीर करून टाकलं, तांबे परीक्षेत पहिला येणार.

शेठ बायकोला सगळं सांगू शकले नाहीत, पण निम्मं सांगितलं: सिद्धार्थची परीक्षा आहे, अवघड आहे. नेमकं हेच निम्मं सांगायला नको होतं. खंडेनवमीला सिद्धार्थ नेहमीसारखा दाराबाहेर उभा होता, तेवढ्यात सुमतीबाईंनी आतून त्याला हाक मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. म्हणाल्या, "सिद्धार्थ, या वर्षी तुझ्या नावाने लावते हो. यश येईल बघ." आणि बोटाऐवजी चमच्याने, भरभरून, तूप-कुंकवाचा एक लाल डोंगर त्या दाण्यावर चढला.

परीक्षेच्या दिवशी विम्याचा परीक्षक खुर्चीत चहा पीत बसला होता. सरावाच्या पहिल्या गोळीने कागदाला स्पर्शही केला नाही. ती खालच्या मातीत गेली. सर धावत आले. कुंकू ओलंच होतं; नळी तापली की तूप सुटायचं आणि दाणा दर गोळीला नवा आकार घ्यायचा. हवेतली ती जागा आता कुठेच राहिली नव्हती.

"तांबे, पुसा," सर दबक्या आवाजात म्हणाले. "इथे कोण बघतंय? नाहीतर मी पुसतो."

सिद्धार्थने पिस्तूल मागे घेतलं. "तुमी पुसलं तरी मीच पुसलं म्हणतील."

"मग पुसा आणि म्हणू देत."

"नाय सर. ज्यांनी लावलं त्यांनी पुसावं. मी लावत पण नाय नि पुसत पण नाय."

सरांनी शेठना फोन लावला. शेठ म्हणाले, ही पूजेला बसलीय, उठली की नक्की विचारतो. तोवर त्याला म्हणावं, मारून घे. परीक्षकाने चहा संपवून घड्याळाकडे बघितलं.

सिद्धार्थने मारून घेतलं. पापणी लवली नाही, हात हलला नाही. ढोलताशांत उभं राहून कमावलेलं सगळं त्याने त्या मातीत ओतलं. परीक्षकाने कागद काढून बघितला, पिस्तूल हातात घेऊन पाहिलं आणि बोटांवरचं लाल पुसत विचारलं, "हे काय?" सिद्धार्थ म्हणाला, पूजेचं आहे. परीक्षकाने आदराने मान हलवली आणि नापास केलं.

पेढीत सर्वांना वाईट वाटलं. शेठनी बायकोला कुंकवाचं कधीच सांगितलं नाही. गिऱ्हाइकांनी विचारलं तर ते हळू आवाजात सांगत, माणूस लाखमोलाचा, पण मूळचा घाबरट, आवाज सहन होत नसे. सुमतीबाईंना मनापासून लागलं. एवढं लावलं मी त्याच्यासाठी, त्या म्हणाल्या, पण ज्याचा विश्वासच नाही त्याला देव तरी किती पुरणार? हे त्यांनी सिद्धार्थच्या देखतच, त्याला निरोपाचा नारळ देताना म्हटलं. त्याने नारळ घेतला. खाली ठेवला असता तर त्याचाही अर्थ निघाला असता.

घरी नम्रताने विचारलं, "बिचकलात का हो?"

"नाय," तो म्हणाला. तिने मान डोलावली. तिचा विश्वास बसला नाही, हे त्याला दिसलं.

शेठनी परवान्याचं नूतनीकरण केलं नाही. पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा झालं. पेढीच्या दारात आता एका एजन्सीचा माणूस असतो. त्याच्याकडे काठी आहे. विम्याच्या कंपनीला काठी चालते, काठीची परीक्षा नसते. सिद्धार्थ परळच्या एका टॉवरमध्ये पार्किंगला आहे, तळघरात, दिवसपाळीला.