इंजिनावरचं घोंगडं

मायाप्पाशी पटलेला माणूस मी सत्तर वर्षांत पाहिला नाही, आणि मी तर शाळेत त्याच्या मांडीला मांडी लावून बसलो. चौथीत असताना गुरुजींची सायकल बिघडली. यानं ती सगळी सुटी केली, छर्रे रॉकेलात धुतले आणि जशीच्या तशी जोडून दिली. गुरुजी पाठ थोपटायला पुढं झाले तर हा म्हणतो, "तुमी तेल घालत न्हाय गुरुजी, सायकल तुमच्या जोगी न्हाय." थोपटायला उचललेला हात तसाच कानफटात बसला. मायाप्पा रडला नाही. त्यानं चाकातली हवा सोडून दिली.

आमचं गाव सांगोला तालुक्यातलं, घरोघर मेंढरं. त्यातनं हा हवाई दलात गेला, वीस वर्षं इंजिनं उघडली आणि मिटली, वरच्या प्रत्येक साहेबाशी भांडला, आणि भांडता भांडता परीक्षा देत राहिला. निवृत्त होऊन सोलापुरात आला तेव्हा विमान तपासून सही करायचा परवाना त्याच्या खिशात होता, पण सही करायला विमान नव्हतं.

मग ते आलं. कुठलासा फ्लाइंग क्लब बंद पडला आणि त्यांचं शहात्तर सालचं दोन सीटचं विमान विकायला निघालं. पंख डोक्यावर, नाकावर एक पंखा, रंग पार उडालेला. ते मायाप्पाला एकट्याला झेपेना. पण त्याच्या बायकोचा, बजाबाईचा, धाकटा भाऊ कुंडलिक डाळिंबाच्या व्यापारात वर आला होता. त्याला उडायची हौस, उडवायचा परवानाही काढलेला. दोघांनी ते अर्धं-अर्धं घेतलं. होटगीच्या अलीकडं एका जुन्या मिलवाल्यानं स्वतःसाठी बांधलेली धावपट्टी आहे, तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ठेवलं. दुरुस्ती दाजींनी करायची, उडवायचं मेव्हण्यानं.

हे गोडीगुलाबीचं प्रकरण बरोबर चौदा महिने टिकलं. पंधराव्या महिन्यात कुंडलिकला वाटलं, आपल्या माणसांना आपलं विमान दाखवावं. तो गावावर गेला आणि खाली, अगदी खाली आला. खाली मायाप्पाच्या भावाच्या मेंढरांची कातरणी चाललेली. अर्धी मेंढरं कातरलेली, अर्धी लोकरीची, सगळी एकदम वाघरातनं, म्हणजे जाळीच्या कुंपणातनं, फुटली. दोन दिवस शिवार हुडकलं तरी आठ सापडली नाहीत, आणि एक मेंढी अर्ध्या अंगाची लोकर घेऊन पार नाझऱ्याच्या बाजारात हिंडताना दिसली. मी आजही ती आठवून हसतो. मायाप्पा हसला नाही. त्या दिवसापासून त्यानं मेव्हण्याशी बोलणं टाकलं ते अकरा वर्षं.

पण विमान एक. मग शेडच्या दाराला एक दगडी पाटी लटकली. पांढऱ्या खडूनं लिहिलं म्हणजे माहिती, लाल खडूनं लिहिलं म्हणजे विमान हलवायचं नाही. "तेल बदललं. हळू उतरत जा, चाक तुझ्या बापाचं न्हाय." खाली कुंडलिकचं उत्तर, "अर्धं चाक माजंच हाय." शिव्या दोन्ही रंगांत असत. मात्र लाल अक्षर पाटीवर असताना कुंडलिकनं कधी किल्ली लावली नाही. एकदा त्याला कलेक्टरच्या पाहुण्यांना मिरवायचं होतं, पाहुणे कडक कपड्यात येऊन उभे होते, आणि पाटीवर लाल. त्यानं मायाप्पाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि पाहुण्यांना चहा पाजून घरी लावलं.

यंदा फाटलं ते उदयसिंहामुळं. मोहोळच्या पुढं हमरस्त्यावर या उदयसिंहाचं नवं हॉटेल उभं राहतंय. त्याच्या मनात आलं की गच्चीवर खरं विमान चढवावं, पंखांखाली टेबलं टाकावीत, म्हणजे गाड्या आपोआप थांबतील. कुंडलिकलाही आता भांडून भांडून कंटाळा आला होता. त्यानं बहिणीकडनं निरोप धाडला. बजाबाई म्हणजे या दोन घरांचं टपाल, शिव्या गाळून मजकूर पोचवणारी. निरोप असा की उडायच्या लायकीची वार्षिक तपासणी येत्या महिन्यात आहे. विमान पास झालं तर मी विकायचं नाव काढणार नाही. नापास झालं तर ते हॉटेलवर जाईल आणि दाजींनी आडवं यायचं नाही.

मायाप्पानं उलट निरोप दिला की कबूल, आणि हॉटेलवाल्याला सांग टेबलं दुसऱ्या कुठल्या भंगाराखाली टाक.

महिनाभर तो शेडमध्येच राहिल्यासारखा राहिला. मी डबा घेऊन जायचो आणि एक तास ओरडा खाऊन परत यायचो. उन्हाळा लागलेला, पत्र्याच्या फटींतनं माती आत यायची. इंजिन झाकायला प्लास्टिकचं कव्हर होतं, पण त्याच्या मते त्यात लोखंडाला घाम सुटतो. तेव्हा त्यानं सांगोल्याच्या बाजारातनं नवंकोरं काळं घोंगडं आणलं. आमच्याकडं जे जिवापाड जपायचं त्याच्यावर घोंगडं घालतात. बाळंतिणीवर, धान्याच्या कणगीवर, आजारी कोकरावर. घोंगडं हवा घेतं, ऊब धरतं, धूळ अडवतं. नव्याला चिंचोक्याची खळ इतकी दाट असते की कोपऱ्यात उभं केलं तर माणसासारखं उभं राहतं. त्यानं ते विमानाच्या नाकावर घातलं, खाली सुतळीनं बांधलं आणि चार पावलं मागं जाऊन बघत राहिला. दुसऱ्या दिवशी पाटीवर कुंडलिकचं अक्षर होतं, "विमान हाय का मेंढरू?"

तपासणीच्या दिवशी सकाळी मला घेऊन तो सातलाच शेडवर पोचला. दहा वाजता तपासणीच्या मॅडम आल्या, हेमावती त्यांचं नाव, कन्नड मुलखातल्या, बोलणं मोजकं. कुंडलिकही आला आणि दाराशी हात बांधून उभा राहिला, पाहुण्यांच्या लग्नात उभं राहावं तसा. मायाप्पानं घोंगडं सोडलं, विमान बाहेर ओढलं, इंजिन चालू केलं. या इंजिनाला ठिणगी द्यायच्या दोन वेगळ्या सोयी असतात, एक बिघडली तर दुसरी. उजवीवर इंजिन छान बोललं. डावीवर टाकलं तसं ते खोकायला लागलं.

त्यानं इंजिनाचं झाकण उघडलं. डावीकडच्या एका वायरीचं रबर बोटभर सोललेलं, आतली तार उघडी.

मायाप्पा वळला तो सरळ कुंडलिकवर. अकरा वर्षांनी मेव्हण्याशी तोंडावर बोललेले त्याचे पहिले शब्द हे:

"पक्कड कुटं टाकलीस?"

"कसली पक्कड?"

"माज्या विमानाची वायर कापून हॉटेल बांधतोस व्हय रं? तुज्या बहिणीच्या कुकवाची तरी लाज धर."

कुंडलिक शांत राहिला, हेच मायाप्पाला जास्त झोंबलं असावं. तो म्हणाला, "दाजी, मला इंजिन उघडाय येतं असं तुमी आज पहिल्यांदा म्हणताय. पाटीवर लिवून द्या."

मग जे सुरू झालं त्यात आठ मेंढरं निघाली, लग्नातला मानपान निघाला, डाळिंबाला दिलेलं पाणी निघालं, सासऱ्यानं न दिलेलं घड्याळ निघालं. मायाप्पानं पाना उचलला. मी मध्ये पडायला निघालो आणि म्हातारपणाचा विचार करून थांबलो. मॅडमांनी मात्र या दोघांकडं पाहिलंच नाही. त्या बॅटरी घेऊन इंजिनात वाकल्या होत्या. त्यांनी दोन बोटांनी मागच्या कोपऱ्यातनं काहीतरी ओढून काढलं. काळ्या लोकरीचा, मुठीएवढा, मऊ गोळा. त्याला वास होता.

"हे कोणाचं?" त्या म्हणाल्या.

मायाप्पानं गोळा हातात घेतला. मेंढरांत वाढलेल्या माणसाला लोकर ओळखायला चष्मा लागत नाही. तो शेडमध्ये गेला आणि त्यानं घोंगडं उलगडून उजेडात धरलं. इंजिनाकडच्या बाजूला चंद्रकोरीसारखे घास घेतलेले, एकापुढं एक. चिंचोक्याची खळ म्हणजे उंदराला पंचपक्वान्न. रानात, मेंढरांच्या वाड्यावर, कुत्र्यांच्या राखणीत घोंगड्याजवळ उंदीर फिरकत नाही, म्हणून आम्हा मेंढपाळांच्या पोरांना हे सुचत नाही. बंद शेडमध्ये मात्र त्यानं स्वतःच्या हातानं उंदरांना जेवण वाढलं होतं, अंथरूणही दिलं होतं.

त्यानं कुंडलिकची माफी मागितली असेल असं कुणाला वाटत असेल तर त्याला मायाप्पा कळलाच नाही. तो एवढंच म्हणाला, "बाजूला हो, उजेड अडतोय."

मॅडम म्हणाल्या, वायर बदला, चार वाजेपर्यंत इंजिन दोन्हींवर नीट चालवून दाखवा, बाकी सगळं ठीक आहे, मी सही करते. वायर त्याच्याकडं होती. दुपारच्या उन्हात, कुणाला हात लावू न देता, त्यानं ती बसवली. साडेतीनला इंजिन डावीवर बोललं, उजवीवर बोललं, कुठं खोकला नाही. मॅडमांनी कागद पंखाखाली सावलीत धरला आणि पेन काढलं. विमान वाचलं होतं. कुंडलिक गाडीकडं निघाला.

"थांबा," मायाप्पा म्हणाला.

तो स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शेपटीकडं गेला. तिथलं झाकण उघडा असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं पाच स्क्रू काढले, आत डोकं घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही. मग बॅटरी मॅडमांच्या हातात दिली. आत दुसरं बिऱ्हाड होतं, पिलांसकट. विमान वळवायची तार जिथनं जाते तिथल्या पट्टीवर उंदरांच्या मुतानं पांढरी भुकटी धरलेली. मायाप्पानं नख लावलं तर ते आत गेलं.

मॅडम म्हणाल्या, ही पट्टी आज उद्या तुटणार नाही कदाचित, पण आता मला सही करता येणार नाही.

"मलाबी न्हाय," मायाप्पा म्हणाला, आणि त्यानं विमानाच्या वहीत स्वतःच लिहिलं, उडण्यास अयोग्य, खाली तारीख, खाली सही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की शहाण्या, सही होत होती, झाकण परवा उघडलं असतंस तर काय बिघडलं असतं. कुंडलिक चार हातांवर उभा होता, ऐकू जाईल एवढा जवळ.

"परवा उडवणार कोण? त्यो," मायाप्पा म्हणाला. "त्याला मारायचा असंल तर मी माज्या हातानं मारीन. उंदराच्या हातनं न्हाय."

दुसऱ्या दिवशी उदयसिंह टेप घेऊन आला, पंखांची मापं घ्यायला. क्रेन सांगून ठेवली होती म्हणे. मायाप्पा स्टुलावर बसून होता. शब्द दिलेला, आडवं यायचं नाही, म्हणून तो भिंतीकडं तोंड करून बसला होता. टेपचं एक टोक पंखाला लागलं तसं कुंडलिकनं ते काढून उदयसिंहाच्या हातात दिलं.

"विकायचं न्हाय," तो म्हणाला.

उदयसिंहानं विचारलं, ठरलं होतं त्याचं काय.

"हॉटेलवर चढवलं तर येणारा-जाणारा म्हणंल, ह्ये मायाप्पाचं विमान. माज्या अर्ध्याचं नाव कोण घेणार? त्यापरीस हितंच सडू दे."

उदयसिंह दोघांनाही वेड्यात काढून गेला. मायाप्पानं भिंतीकडनं तोंड फिरवलं नाही. कुंडलिकनं खडू घेऊन पाटीवर लिहिलं, "शेपटी कवा उघडायची?" मायाप्पा उठला, त्यानं वाचलं, आणि खाली लाल खडूनं उत्तर दिलं, "उद्या सातला. जुनी कापडं घालून ये, तुझा तोरा हितं चालत न्हाय."

सध्या ते दोघं रोज सातला तिथं असतात. शेपटी पार सुटी करून जमिनीवर मांडलीय, पट्टी नवीन येणार आहे, यायला दोन महिने लागतील. कुंडलिक बॅटरी धरतो आणि ती चुकीची धरतो, म्हणून शिव्या खातो, आणि आता उलट शिव्याही देतो, तोंडानं. पाटी रिकामीच असते. बजाबाई म्हणते, पूर्वी बरं होतं, मी गाळून तरी घ्यायचे.

घोंगडं मायाप्पानं झटकून, घडी घालून, एका संध्याकाळी कुंडलिकच्या नव्या गाडीच्या बॉनेटवर घातलं. ऊन फार हाय, रंग जाईल, असं म्हणाला. कुंडलिकला बरं वाटलं, गाडी आठवडाभर तशीच झाकून शेडमागं उभी होती. काल ती चालू होईना. मी तिथंच होतो. कुंडलिकनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, आणि पाना हातात घेऊन दाजींना शोधायला निघाला.